नाव-पत्ता लावा, मुदत ३० दिवस

पाचगणीतला बंगला, खोली, तंबू, फार्महाउस किंवा होमस्टे इंटरनेटवरून भाड्याने देणारा प्रत्येक मालक, त्याच्या वतीने बुकिंग घेणारा एजंट, आगाऊ रक्कम स्वतःच्या खात्यावर घेणारा केअरटेकर, त्या जाहिरातीवर दलाली कमावणारं प्रत्येक अ‍ॅप आणि संकेतस्थळ, आणि या डोंगरावर नेटचं कनेक्शन विकणारे केबलवाले, हा जाहीर इशारा तुम्हा सर्वांना आहे.

हा मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून तुमच्या हातात ३० दिवस आहेत. एवढ्या मुदतीत तुमच्या प्रत्येक जाहिरातीवर व्यवसाय चालवणाऱ्याचं कायदेशीर नाव, जागेचा खरा पत्ता, तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन क्रमांक, आणि सगळे आकार धरून एकच अंतिम भाडं, एवढं दिसलं पाहिजे. पैसे घेतले की त्याच दिवशी पावती गेली पाहिजे. हे झालं नाही तर तुमच्याविरुद्ध लेखी तक्रारी जातील. कुठे, कुणाकडे आणि कोणत्या कलमाखाली, हेही खाली सांगतो, म्हणजे नंतर कुणी कल्पना नव्हती असं म्हणायला नको.

इथे काय चाललं आहे ते पाचगणीकरांना सांगायची गरज नाही. पसरणी घाट चढून, दांडेघरच्या नाक्यावर पर्यटन कर भरून आलेलं कुटुंब रात्री एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी उभं राहतं. सोबत म्हातारी माणसं असतात, झोपेला आलेली मुलं असतात. मोबाइलमध्ये बंगल्याचे फोटो असतात, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट असतो, ‘बुकिंग कन्फर्म’ असा मेसेज असतो. आतून राखणदार येतो आणि सांगतो की हा बंगला भाड्याने दिलाच जात नाही, मालक मुंबईला असतात. ज्या नंबरवर पैसे गेले तो बंद लागतो. नाताळात, दिवाळीच्या सुट्टीत, निवासी शाळांच्या पालकभेटीच्या दिवसांत गावात दुसरी खोली मिळत नाही. पाचगणीतले जुने बंगले वर्षातले कित्येक महिने बंद असतात. त्यांचे फोटो कुठूनही उचलता येतात आणि फाटकाशी खातरजमा करायला कुणी नसतं, म्हणूनच भामट्यांना आपलं गाव सोयीचं पडतं.

हा उद्योग फक्त पाचगणीपुरता नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने १९ एप्रिल २०२५ रोजी देशभरातल्या यात्रेकरूंना आणि पर्यटकांना सावध करणारी सूचना काढली होती. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची विश्रामगृहं, हॉटेलं, टॅक्सी आणि सहली यांच्या नावाने खोटी संकेतस्थळं, समाजमाध्यमांवरची खोटी पानं, व्हॉट्सअ‍ॅपची खाती आणि शोधयंत्रावर पैसे मोजून वर आणलेल्या जाहिराती यांतून ही लूट चालते, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. थंड हवेच्या ठिकाणांवरही हीच पद्धत चालते.

तरीही हा इशारा मी मुख्यतः भामट्यांसाठी लिहिलेला नाही. भामट्याला इशारा देऊन उपयोग नसतो, त्याच्यासाठी पोलीस आहेत. मी बोलतो आहे ते धंदा खरा करणाऱ्यांशी. तुमचा बंगला खरा आहे, चाव्या तुमच्याच हातात आहेत, आलेल्या पाहुण्याला तुम्ही खोली देता आणि सकाळी पोहेही खायला घालता. पण तुमची जाहिरात आणि भामट्याची जाहिरात शेजारी शेजारी ठेवली तर नागपूरच्या किंवा सुरतेच्या माणसाला फरक कळेल का? दोन्हीकडे पहिल्या नावापलीकडे ओळख नाही. दोन्हीकडे पत्ता म्हणजे ‘पाचगणी, टेबललँडजवळ’. दोन्हीकडे पैसे मागितले जातात ते कुणाच्या तरी खासगी यूपीआय क्रमांकावर, आणि पावती दोन्हीकडे मिळत नाही. तुम्ही जे लपवता, नेमकं तेच लपवून तो चोरी करतो. ज्या दिवशी पाचगणीतल्या प्रत्येक खऱ्या जाहिरातीवर मालकाचं नाव आणि मिळकतीचा पत्ता असेल, त्या दिवशी नाव नसलेली जाहिरात कुणालाही लांबून ओळखता येईल.

यावर काही मालक म्हणतील, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. नाही. नाव-पत्ता लावणं ही मी सुचवलेली नवी अट नाही. ती गेली कित्येक वर्षं कायद्यात आहे आणि तुम्ही ती मोडत आहात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तीनच दिवसांनी, २३ जुलै २०२० रोजी, ई-कॉमर्स नियम आले. कायद्याने ई-कॉमर्सची जी व्याख्या केली आहे तिच्यात इलेक्ट्रॉनिक जाळ्यावरून वस्तू किंवा सेवा विकणं एवढंच पाहिलं जातं. मोठं अ‍ॅप हवं, कंपनी हवी, अशी अट तिथे नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर भाडं ठरवणारा माणूसही तिच्यात येतो. ‘आमचं घरगुती आहे’ हे उत्तर इथे वर्षानुवर्षं ऐकू येतं. नियमांनी सूट ठेवली आहे ती खासगी नात्याने, धंद्याचा भाग नसलेली एखादी गोष्ट करणाऱ्याला. नेमाने आणि पद्धतशीर व्यवसाय करणाऱ्याला ती सूट नाही. दर शनिवार-रविवारी बंगला लावणारा आणि मे महिन्याचे दर वेगळे ठेवणारा माणूस घरगुती नव्हे, व्यावसायिक आहे. त्याने तसंच वागलं पाहिजे.

नियम काय मागतात ते ऐका. कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव. आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. जाहिरातीत दाखवलं तेच प्रत्यक्षात. सक्तीचे आणि ऐच्छिक सगळे आकार धरून एकच आकडा, आणि त्याची फोड. ग्राहकाची संमती त्याने स्वतः खूण करून दिलेली असावी, आधीच टिकमार्क केलेल्या चौकटीतून घेतलेली नसावी. सेवा सदोष निघाली किंवा सांगितल्याप्रमाणे नसली तर पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. आणि विक्रेत्याने ग्राहक असल्याचं सोंग घेऊन स्वतःच्याच जागेची स्तुती लिहायची नाही. पाहुणा गेल्यावर केअरटेकरच्या मोबाइलवरून पाच तारे टाकणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

भाड्याच्या बाबतीत इथली रीत बघा. जाहिरातीत ८,००० रुपये. फोन केला की शनिवारचे वेगळे. टोकन भरल्यावर कळतं की स्वयंपाकघर वापरलं तर त्याचे वेगळे, पोहण्याच्या टाकीचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, ड्रायव्हरला झोपायला जागा हवी तर तिचे वेगळे. आगाऊ पैसे अडकलेले असतात, म्हणून माणूस मान डोलावतो. हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन अनुचित ठरवला आहे. तिथे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्या दिल्या आहेत. ‘फक्त एकच बंगला शिल्लक, दहा मिनिटांत भरा’ असं खोटंच सांगून घाई करवणं हीही त्यातलीच. दाखवायचा एक बंगला आणि आल्यावर ‘तो भरला, हा घ्या’ म्हणून दुसरा गळ्यात मारायचा, हीसुद्धा. हे नियम मोठ्या संकेतस्थळांसाठी आहेत असा समज असेल तर तो सोडा. भारतात वस्तू किंवा सेवा देणारी सगळी व्यासपीठं, जाहिरातदार आणि विक्रेते त्यांच्या कक्षेत आहेत.

डिपॉझिटविषयी जास्त बोलावं लागेल, कारण जास्तीत जास्त तक्रार त्याचीच असते. पाहुणा येताना पाच-दहा हजार डिपॉझिट म्हणून घ्यायचे आणि जाताना टॉवेलवर डाग आहे, कप फुटला, आवाज झाला म्हणून त्यातले निम्मे ठेवून घ्यायचे. कुणी वाद घातला तर ‘दोन दिवसांत टाकतो’ म्हणायचं आणि मग फोन उचलायचा नाही. पुण्याला किंवा मुंबईला पोहोचलेला माणूस अडीच हजारांसाठी परत घाट चढणार नाही, या हिशोबावर हे चालतं. गेल्या वर्षी माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाला याच गावात असा अनुभव आला. त्यांनी ते सोडून दिलं, आणि सोडून दिलं याचंच मला अधिक वाईट वाटतं. कायद्याच्या कलम २(४६) मध्ये अवाजवी सुरक्षा ठेव मागणं आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच दंड आकारणं, या दोन्हींना अनुचित करार म्हटलं आहे. अशा कराराविरुद्ध थेट राज्य आयोगाकडे जाता येतं. कलम २(४७) म्हणतं की बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, हीही तशीच.

बुकिंग रद्द करण्याचं गणितही एकतर्फी आहे. पाहुण्याने रद्द केलं तर ‘टोकन परत मिळणार नाही’. पण जास्त पैसे देणारी पार्टी आली म्हणून मालकानेच आदल्या दिवशी रद्द केलं तर फक्त ‘सॉरी सर’. ई-कॉमर्स नियम सांगतात की स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तुम्ही जेवढं भरता तेवढंच रद्द करण्याचं शुल्क ग्राहकाकडून घेता येतं. तुम्ही काहीच भरत नसाल तर त्याच्याकडून काही घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पैशाच्या ऐवजी ‘पुढच्या वेळी या, अ‍ॅडजस्ट करू’ हेही चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ओलासारख्या कंपनीला बजावलं की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे ग्राहक ठरवील, कंपनी नव्हे. देशभर गाड्या चालवणाऱ्या कंपनीला जे ऐकावं लागलं ते खिंगरच्या रस्त्यावरच्या फार्महाउसलाही ऐकावं लागेल.

मग जागेचा खोटेपणा. धोम धरणाच्या काठावरचं शेतघर पाचगणीचं म्हणून विकलं जातं. जावळीच्या खोऱ्यातले तंबू पाचगणीचे म्हणून विकले जातात. ‘टेबललँड दोन मिनिटांवर’ असं लिहायचं आणि प्रत्यक्षात गाडीने अर्धा तास लागायचा. ‘हायस्पीड वायफाय, डोंगरात बसून ऑफिसचं काम करा’ असं लिहायचं आणि पावसाळ्यात तिथे साधा फोनसुद्धा लागायचा नाही. या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आहेत. त्यांच्यासाठी कलम २१ खाली प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. इथे कुठलं बांधकाम कायदेशीर आणि कुठलं नाही, हा गावातला जुना प्रश्न आहे. परवानगी नसलेल्या किंवा सील होऊ शकणाऱ्या इमारतीचं डिसेंबरचं बुकिंग जूनमध्येच घेऊन ठेवणाऱ्याने नीट लक्षात घ्यावं. पाहुण्यापासून हे लपवून घेतलेला प्रत्येक रुपया त्याला परत करावा लागेल, शिवाय भरपाईचा दावा वेगळा.

अजून एक गोष्ट इथे कुणीच गंभीरपणे घेत नाही. पाहुण्यांच्या सगळ्या कुटुंबाच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जातात. ते केअरटेकरच्या फोनमध्ये पडून राहतात, एजंटच्या ग्रुपवर फिरतात, कुणी पुसत नाही. ओळखपत्र बघून नोंद करणं योग्यच आहे. पण विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं कलम २(४७) नुसार अनुचित प्रथा आहे. याच फोटोंतून उद्या कुणाच्या तरी नावावर सिमकार्ड निघतं. आजपासून हे फोटो ग्रुपवर टाकणं बंद करा आणि जुने पुसून टाका. यासाठी ३० दिवसही देत नाही.

अ‍ॅप आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांनो, ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ ही ढाल तुम्ही प्रत्येक वेळी पुढे करता. मध्यस्थावरही नियमांनी जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. विक्रेत्याचं व्यवसायाचं नाव, भौगोलिक पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दाखवणं तुमचं काम आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणंही तुमचंच काम आहे. समाजमाध्यमांच्या कंपन्यांना माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ लागू आहेत. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं. खऱ्या बंगलेमालकाने आपल्या जागेची खोटी जाहिरात कळवावी आणि तुम्ही ‘आमच्या धोरणाचा भंग झालेला नाही’ असं यंत्राने लिहिलेलं उत्तर पाठवावं, हे पुढे चालणार नाही. ते उत्तरच पुरावा म्हणून जोडलं जाईल.

केबलवाल्यांना थोडक्यात. वर्षाचे पैसे आगाऊ घेता आणि जूनमध्ये तार तुटली की गणपतीपर्यंत ती लोंबकळत राहते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट, कुठेही विचारा. बंद पडलेल्या दिवसांचे पैसे वजा होत नाहीत, आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागितला तर तो काय असतो हेच तुमच्या माणसाला ठाऊक नसतं. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ही शंका कायमची मिटवली आहे. त्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात. तेव्हा ३० दिवसांत प्रत्येक ग्राहकाला लेखी बिल, तक्रारीचा क्रमांक आणि बंद दिवसांची वजावट द्या.

आता आपल्याच गावातल्या काही तरुणांना. पाच-दहा हजार रुपयांसाठी आपलं बँक खातं आणि सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला देणारे आहेत. तुम्हाला वाटतं, आपण काही केलं नाही. फसवलेल्या माणसाचे पैसे ज्या पहिल्या खात्यात पडतात ते तुमचं असतं, आणि पोलीस सर्वांत आधी तुमच्या दाराशी येतात. तोतयेगिरी करून संगणकाच्या साहाय्याने केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत. आई-वडिलांनी मुलांकडे विचारणा करावी. घरात कमाई नसताना खात्यात पैसे ये-जा करत असतील तर आजच बँकेत जा, खातं बंद करा आणि लेखी कळवा.

होमस्टे चालवणारे स्वतःही फसवले जातात, हे मी विसरलेलो नाही. लष्करी अधिकारी असल्याचं सांगून खोल्या मागायच्या आणि ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणायचं, ही युक्ती या डोंगरावरही येऊन गेली आहे. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तुमच्या घरातल्या आणि हाताखालच्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

मुदत संपल्यावर काय होईल, ते आता ऐका.

ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. नांदेडचा पाहुणा नांदेडच्या जिल्हा आयोगात जाईल आणि तुम्हाला नांदेडची नोटीस येईल. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला एक रुपयाही शुल्क नाही. वकील लागत नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवर होते. घटना घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत त्याला वेळ आहे, म्हणजे मागच्या दिवाळीत अडवलेलं डिपॉझिट अजून जिवंत आहे. आयोगाचा आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अडीच हजारांसाठी कोण घाट चढेल, या तुमच्या हिशोबात एवढं धरलेलं नव्हतं.

पण प्रत्येक पाहुण्याने स्वतः लढावं यावर मी थांबणार नाही. कलम १७ नुसार ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग, अनुचित प्रथा किंवा दिशाभूल करणारी जाहिरात याविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवता येते, आणि कलम १६ जिल्हाधिकाऱ्यांना चौकशी करून अहवाल देण्याचा अधिकार देतं. मुदत संपेल त्या दिवशी पाचगणीच्या नावावरच्या ज्या जाहिरातींवर नाव, पत्ता आणि अंतिम भाडं नसेल, त्यांचे तारखेसहित स्क्रीनशॉट काढले जातील. ते साताऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दिले जातील, एक प्रत प्राधिकरणाला, एक पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेला. ज्यांचे पैसे अडकले आहेत अशा पाहुण्यांना नोंदणीकृत ग्राहक संस्थेशी जोडून दिलं जाईल. समान हित असलेल्या अनेकांची एकत्र तक्रार कलम ३५ खाली करता येते.

जिल्हा प्रशासनालाही याच मुदतीत माझी मागणी आहे. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात आणि वर्षाला किमान दोन बैठका घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर महाबळेश्वर तालुक्यातली ऑनलाइन बुकिंगं हा विषय घ्या. नगरपरिषदेने आणि पर्यटन संचालनालयाने नोंदणी असलेल्या प्रत्येक निवासाची यादी, मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक यांच्यासह, सर्वांना बघता येईल अशी प्रसिद्ध करावी. दांडेघरच्या नाक्यावर कराच्या पावतीसोबत सायबर फसवणुकीसाठीचा १९३० आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हे दोन क्रमांक छापायला फारसा खर्च नाही.

पर्यटकांनो, १९३० हा क्रमांक फसवणूक कळताच, त्याच मिनिटाला लावायचा असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी गोठवता आले तरच ते हाती लागतात. ‘बँक परत देईल’ या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण आहे ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना. तिऱ्हाईताच्या लबाडीने पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा नसतो. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेली टोकनची रक्कम त्यात बसत नाही. मालक खरा आहे पण पैसे अडवतो आहे, अशा वेळी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. आणि ज्या जाहिरातीवर नाव नाही तिथे एक रुपयासुद्धा पाठवू नका, भाडं कितीही स्वस्त असो.

या राज्याला ग्राहकाच्या हक्कासाठी उभं राहणं कुणी शिकवायची गरज नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६ साली. त्या माणसांनी वजनकाट्याच्या आणि भेसळीच्या लढाया लढल्या तेव्हा दुकानदार निदान समोर बसलेला असे, त्याच्या दुकानावर पाटी असे. आज पाटीच नाही. ती लावून घेणं हे आपल्या वाट्याचं काम आहे आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. कारण फसलेला पाहुणा मालकाचं नाव घेत नाही. ते त्याला माहीतच नसतं. तो पाचगणीचं नाव घेतो. त्याची झळ टेबललँडवरच्या घोडेवाल्याला, स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याला आणि रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडून बसलेल्या बाईला बसते. त्यांनी कुणाचंही टोकन खाल्लेलं नाही.

ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर लेखी कळवावं. फोनवरचं, तोंडी, किंवा कुणा पुढाऱ्याच्या मार्फत आलेलं उत्तर धरलं जाणार नाही. कुणाची नोंदणी प्रक्रियेत असेल तर अर्जाची पोच जोडावी, त्याला आणखी १५ दिवस मिळतील. अडवलेली डिपॉझिटं मात्र याच ३० दिवसांत परत गेली पाहिजेत, त्यांना वाढीव मुदत नाही.